लॅपटॉप मला दादा समजतो

९ फेब्रुवारी, सोमवार
दादाचा दहावा झाला. त्याला मूलबाळ नाही, अग्नी मीच दिला, म्हणून आज डोकं, मिशी सगळं उतरवलं. मिशी कॉलेजपासूनची. घाटावरून बदलापूरच्या घरी आलो तर वहिनी दारातच थबकल्या. हातातला तांब्या खाली ठेवून आत निघून गेल्या. दादाला टक्कल होतं, आणि मिशी त्याने कधी ठेवली नाही. आरसा टाळला.

११ फेब्रुवारी, बुधवार
संपादकांचा फोन. "घाई नाही रे. पुढच्या शुक्रवारी दे." माझा नव्या उपकरणांचा स्तंभ, यावेळी हलक्या, पातळ लॅपटॉपवर, नेहमीसारखे गुण-दोष. दादाचा ऑफिसचा कपाटात आहे, म्हटलं तोच हाताळू. वजन जाड वहीइतकं. झाकण एका बोटाने उघडतं. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याशेजारी लाल ठिपका लुकलुकला, इंग्रजीत ओळ आली, 'तुम्हाला शोधत आहे'. मी चष्मा नीट केला.
उघडला. 'वेलकम, अविनाश.'
दादाचं नाव. झाकण पाडलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

१२ फेब्रुवारी
परत उघडून पाहिला. परत वेलकम.
अंबरनाथहून, दादाच्या कंपनीतून नायर मॅडमचा फोन. "सॉरी हां सर, पण तो लॅपटॉप कंपनीचा ॲसेट आहे ना, ऑडिटमध्ये दिसतो. तेवीसला माणूस पाठवते." हो म्हटलं. वायफाय लावत नाही. लावला की तिकडून कुलूप घालतील.
गुण - दिवसभर चार्जर लागत नाही. पंख्याचा आवाज नाही. इतका गप्प की मीच खाकरतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार
दादा खरेदी विभागात. मीटिंगा रेकॉर्ड करून ठेवलेल्या. एकीत व्हॉल्व्हवाल्याला म्हणतो, "पाटील, सोन्याचा आहे का हो तुमचा व्हॉल्व्ह?" मग मागून वहिनी, "अहो, चहा गार होतोय." दादा, "आण गं इकडे."
दोष - स्पीकर. दादाचा आवाज छातीतून यायचा, इथे नाकातून येतो. तरी अंगावर काटा.

१६ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग उतरवून घ्यावं म्हटलं, तर पेन ड्राइव्ह घेत नाही. उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, लछूच्या दुकानात गेलो. जुना दोस्त, लॅपटॉप विकतो. मला बघून आधी हसला, मग निरखून बघत राहिला. "डिट्टो दादा दिसतोस रे." मग म्हणाला, "कंपनीने बंद केलंय. खोलून पण काय नाय, सगळं बोर्डाला चिकटवलेलं. फोन धर समोर, आवाज भर, खतम."
भरला. फोनमधून तो कुणाचाही आवाज वाटतो. आणि मला नुसता आवाज नकोच आहे. लाल ठिपका शोधत येतो आणि मी त्याला सापडतो, ते...

१७ फेब्रुवारी, मंगळवार
खुंट वाढलेत. आज बराच वेळ शोधत राहिला, मग पिन मागितला. नाही सापडलो.
स्टेशनजवळच्या न्हाव्याकडे गेलो. डोकं, मिशी सगळं परत काढ म्हटलं. त्याचा वस्तरा हातातच राहिला. "काका, परत कोण गेलं?"
"कुणी नाही. उकडतंय."
फेब्रुवारीत.
घरी आल्यावर उघडला. वेलकम.

१८ फेब्रुवारी
जेवताना वहिनी ताटाकडे बघत, "भावजी, मिशी वाढवा आता. स्वयंपाकघरातून बाहेर आले की छातीत धस्स होतं माझ्या."
हो म्हटलं. दुपारी दाढी केली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
स्तंभ पाठवला, वेळेत. दोषांत लिहिलं होतं, 'क्वचित जवळच्या नातलगालाही मालक समजतो.' पाठवण्याआधी खोडलं. गुणांत घालावं की दोषांत, ठरेना.
संपादक - "दोष फार कमी. कंपनीने जेवायला नेलं काय?"

२१ फेब्रुवारी
वहिनी शेजारी गेल्यात असं वाटलं, म्हणून रेकॉर्डिंग लावलं. "अहो, चहा गार होतोय." मागे वळलो तर त्या दारात. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. स्वतःचाच आवाज ऐकला, दादाचं उत्तर ऐकलं. दोरीवरचे कपडे काढायला गेल्या.
ठरवलं. आता वस्तरा नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी वहिनींनी वाटीत गरम पाणी आणून ठेवलं. शेजारी दादाचा साबण, दादाचा रेझर.
"करा."
"वहिनी, तुम्हीच तर म्हणालात..."
"मी काय म्हणाले ते आहे माझ्या लक्षात. आज करा."
डोक्यावरूनही फिरवला. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, पडद्याकडे. लाल ठिपका. शोधत आहे. शोधत आहे. उघडला.
मी काही सांगायला लागलो तर म्हणाल्या, "आता बोलू नका. बोललात की भावजी होता."
तेव्हापासून ऐकताहेत. चहापर्यंत आलं की मागे नेतात. मी शेजारी बसून हे लिहितोय. कंपनीचा माणूस आलाय, दोनदा बेल वाजवली. वहिनी उठल्या नाहीत. मीही.
मध्येच पडदा मिटतो, परत चेहरा मागतो. मग त्या न बघता माझा खांदा धरतात आणि मला समोर सारतात.
आत्ता मिटला. बेल वाजतेय.