माकुहारीत आजी बोललीच नाही

सोमवार, २२ सप्टेंबर

गेममध्ये घड्याळ बसवलं. प्रदर्शनात मांडायच्या प्रत्येक गेममध्ये असतंच — लोक अर्धवट खेळून कंट्रोलर टाकून निघून जातात. म्हणून मिनिटभर कुणी बटण दाबलं नाही, की गेम आपोआप पहिल्या पडद्यावर जातो. पुढच्या माणसासाठी तयार. हाताला सवय झालेली, डोकं लावावं लागत नाही. चालवून पाहिलं, चाललं.

नागुरा-सान दुपारभर पाटी रंगवत बसले होते. 'रांग इथे संपते.' शेवटच्या माणसाने हातात धरायची, मागून कुणी आलं की त्याच्या हाती द्यायची. मी म्हटलं, "आपल्याकडे रांग लागणार आहे का?"

"पाटीच नसली तर कशी लागेल, कुसे-सान?"

बावन्न वर्षांचा माणूस!

बुधवार, २४ सप्टेंबर

माकुहारीला, प्रदर्शनाच्या सभागृहात, टेबल मांडून आलो. कोपऱ्यातली जागा, चहाच्या यंत्रांशेजारी. समोर बड्या कंपनीचा ड्रॅगन उभा राहतोय, दोन मजली. अधूनमधून नाकातून वाफ सोडतो. आमच्याकडे एक पडदा, एक खुर्ची, एक हेडफोन.

कंपनी म्हणजे नागुरा-सान आणि मी. गेम ते रचतात, तो चालता-बोलता मी करते — प्रोग्रॅमही माझा, आवाजाचं कामही माझंच. या चार दिवसांत प्रकाशक मिळाला तर गेम पुरा होईल. नाही मिळाला तर डिसेंबरात दाराला कुलूप. हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं, मीही शांतपणे ऐकलं. अशी कुलपं मी आधीही पाहिलीत.

गेम साधा आहे. एका छोट्या बेटाचा धक्का, तुम्ही तिकीट खिडकीत. शेवटची बोट निघून जाते आणि बाकावर एक आजी उरते. तुम्ही शेजारी जाऊन बसायचं. मग काही करायचं नाही. बटण दाबलंत तर उठून चालू लागता. दीडेक मिनिट गप्प बसलात तर आजी बोलायला लागते. सगळा गेम त्यासाठीच केलाय.

आवाज नागुरा-सानच्या आईचा. मागच्या शरदात स्वयंपाकघरात बसून टिपला होता. फेब्रुवारीत त्या गेल्या. तेव्हापासून ही जागा तपासायचं काम माझ्यावर. त्यांची स्वतःची बाकाशी गाठ पडली की ते लगेच बटण दाबून उठतात. आजी मुळा खारवायची रीत सांगते, ती मी इतक्यांदा ऐकलीय की आता झोपेतही मुळा खारवेन.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज फक्त धंद्यातले लोक. टाय, गळ्यात ओळखपत्रं, दोन्ही हातांनी कार्डं. तरीही ड्रॅगनला रांग वळणावळणाची!

जेवणाच्या सुट्टीत फिरून आले. ड्रॅगन देखणा आहे, वाद नाही. पण मला आवडले ते दुसरेच. तैवानच्या दोघी बहिणींचा केस धुण्याचा गेम — गिऱ्हाइकाच्या मानेवरून कळतं त्याच्या मनात काय चाललंय ते. फुकुओकाच्या एकाने वादळाचा केलाय. वादळ तुम्ही, आणि तुम्हाला किनाऱ्यावर जायचं नाहीये. त्याच्यापाशी मी बराच वेळ उभी होते.

परत आले तर नागुरा-सान एक कार्ड हातात धरून उभे. शिमामोरी-सान, प्रकाशक कंपनीच्या, येऊन गेल्या होत्या.

"शेवटपर्यंत खेळल्या?"

"खेळल्या. बाकावर बसल्यावर कंट्रोलर खाली ठेवला."

"आपण होऊन? मग?"

"मग 'हं' म्हणाल्या, आणि गेल्या."

नागुरा-सानच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी म्हटलं, धंद्यातले लोक 'हं'च म्हणतात.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

एका संकेतस्थळाने प्रदर्शनात उठून दिसलेल्या गेमची यादी छापली. पहिला ड्रॅगन, अर्थात. मध्ये कुठेतरी तैवानच्या बहिणी. अगदी खाली आम्ही!

वाचलं: 'बाकावर आजीशेजारी तुम्ही बसता. काहीच करत नाही. आणि अचानक गेम तुम्हाला बाहेर काढतो. आजी काय बोलणार होती ते कधीच कळत नाही. या प्रदर्शनातला सर्वांत धाडसी शेवट.'

बाहेर काढतो?

घड्याळ! मिनिटभर बटण नाही, गेम बंद. आणि आजी बोलते दीड मिनिटाने. जो कुणी आमच्या मनासारखा गप्प बसला, त्यालाच नेमकं आम्ही हाकलून दिलं. मी घड्याळ तपासलं होतं ते तिकीट खिडकीतच. बाकापर्यंत गेलेच नाही — ऐकून ऐकून कंटाळले होते ना!

नागुरा-सान येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे वाकत होते. लोक यादी वाचून येत होते, धाडसी शेवट बघायला. त्यांना सांगावं, की आधी गुपचूप घड्याळ काढावं? दोन्ही केलं नाही. लाज वाटली. साधी, सरळ लाज.

शनिवार, २७ सप्टेंबर

आज सगळ्यांना दार उघडं. आणि रांग लागली! पाटी या हातातून त्या हातात जात चहाच्या यंत्रांपलीकडे पोचली. नागुरा-सान सारखे मान उंच करून पाटी कुठवर गेली ते बघत होते.

दुपारी शिमामोरी-सान परत आल्या. म्हणाल्या, "परवा घरी जाताना मी गाडीत नव्हतेच. त्या बाकावरच बसून होते. गेम आम्ही घेतो. अट एकच — शेवटाला हात लावायचा नाही."

नागुरा-सान कमरेत वाकले. "सोमवारपर्यंत कळवतो."

कळवतो? हो म्हणायचं सोडून!

मग मात्र राहवेना. टेबलामागच्या पडद्याआड, खोक्यांवर बसून भाताचे गोळे खाताना सांगून टाकलं. घड्याळ मी बसवलं, चूक माझी.

"गुरुवारीच कळलं मला," ते म्हणाले. "शिमामोरी-सान बसल्या होत्या तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"बरं वाटलं म्हणून." गोळ्याचा कागद ते नीट घडी करत राहिले. "दिवसभर माणसं येणार, बसणार, आणि आई एकेकाला मुळ्याचं सांगत राहणार. मी दोन हातांच्या अंतरावर उभा. मला जमलं नसतं, कुसे-सान."

"मला बरं जमतं!"

"तुमची आई नाही ती."

संताप आला. एवढा कशाचा, ते अजून कळलं नाही. म्हटलं, "नाही ना. म्हणून तुम्ही बटण दाबून उठता, आणि त्यांचं सगळं मी ऐकून घेते. उद्या घड्याळ काढणार आहे. निदान एक दिवस बोलू दे त्यांना."

त्यांनी घडी केलेला कागद खिशात टाकला आणि रांगेकडे गेले.

रविवार, २८ सप्टेंबर

सकाळी घड्याळ काढलं.

बहुतेक लोक चुळबुळत उठून जातात. जाऊ देत. पण काही बसले. कोल्ह्याचे कान लावलेली एक मुलगी हनुवटीवर हात ठेवून पुरतं ऐकत बसली आणि उठताना मला विचारते, "तांदळाचा कोंडा कुठे मिळतो हो?" सांगितलं.

दिवस सरत आला तशी रांग आखडली. पाटी जवळ येत गेली. ती धरून शेवटी कोण उभं, तर नागुरा-सान! मला वाटलं आवरायला घेतलंय. छे. पुढचा मुलगा एक पाऊल सरकला की हेही एक पाऊल सरकत. त्यांची पाळी आली. पाटी माझ्या हातात दिली, खुर्चीत बसले, हेडफोन लावला.

तिकिटं विकली. बोट गेली. बाकावर बसले. कंट्रोलर टेबलावर ठेवला, हात गुडघ्यांवर.

मला काही ऐकू येत नव्हतं. पण पडद्यावर आजीचे ओठ हलायला लागले तसं मला सगळं ऐकू आलं — मुळे आधी वाळवायचे. वाकवला तर गोल झाला पाहिजे, तुटता कामा नये. मग मीठ, कोंडा, वर दगड. हलका ठेवशील, तुझी खोड मला ठाऊक आहे! चांगला जड ठेव.

प्रदर्शन संपल्याचं संगीत वाजायला लागलं. समोरच्या ड्रॅगनची वाफ बंद झाली. नागुरा-सानने हेडफोन काढला. गाल ओले होते, पुसले नाहीत.

"पुढचं कुठे गेलं?"

"एवढंच आहे."

"नाही. दगडानंतर अजून बोलली होती ती. मी समोर होतो."

आणि मला आठवलं. आवाज घेतला की त्याची दोन्ही टोकं कापायची — खुर्चीची करकर, खोकला, 'झालं का' वगैरे. सगळेच कापतात. मीही कापलं होतं. काय कापलं ते धड ऐकलंही नव्हतं.

सोमवार, २९ सप्टेंबर

मूळ आवाज सापडला. नागुरा-सानने शिमामोरी-सानकडून आणखी एक दिवस मागून घेतला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

कापलेला तुकडा परत जोडला. दगड ठेवून झाल्यावर खुर्ची करकरते आणि आजी म्हणते, "झालं का तुझं? बंद कर ते आता. चल, जेवून घे." आणि तिथेच, तिच्या शब्दासरशी, गेम बंद.

शिमामोरी-सान आमच्या खोलीवर येऊन खेळल्या. पडदा गेल्यावरही हेडफोन लावून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "शेवटाला हात लावायचा नाही, अशी अट होती ना?"

"हो," नागुरा-सान म्हणाले.

"आता खरंच लावू नका."