रतन दशरथ कुदळे यांचे खाते

कर्वेनगर, पुणे ५२
२० नोव्हेंबर २०२२

तीर्थस्वरूप बापूराव यांना महिपतीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच).

तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र लावता, की ते अजून देवघरातच आहे? कसबा पेठ काही परदेशात नाही, रिक्षाने अर्ध्या तासात पोचलो असतो. पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला हल्ली बोलवत नाही, तेव्हा पत्र बरं. शिवाय पोस्टमन पत्र वाचून संध्याकाळी मला कंबरेचा पट्टा विकायला येत नाही. मोबाइलवर नुसतं कंबरेचं नाव काढलं की पट्ट्यांच्या जाहिराती येतात.

तुमच्या बहिणीला जाऊन चार महिने झाले. तिचा मोबाइल मी अजून रोज चार्ज करतो (कशासाठी, ते विचारू नका). सप्टेंबरात त्यावर एक संदेश आला. रतनताई, बऱ्याच दिवसांत आला नाहीत, आम्हाला तुमची आठवण येते. खाली एका वेबसाइटचं नाव. कापड, चपला, भांडी असं सगळं घरपोच विकणारी. मी भडकलो. ज्या घरातलं माणूस गेलंय, तिथे हे कुठल्या परक्या बाईची आठवण काढतात? माझी चौतीस वर्षं विमा कचेरीत लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिण्यात गेली. आता स्वतः तक्रार लिहायची संधी आली, ती मी सोडतो होय. त्यांच्याकडे 'आपली गोपनीयता आम्हाला अत्यंत महत्त्वाची आहे' असं म्हणणारं एक धोरण आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ते छापून आणलं, एकोणीस पानं, आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. आपण कुठे राहतो, काय बघतो, किती वेळ बघतो, काय घ्यायचं मनात आणून घेत नाही, हे सगळं ते टिपतात आणि मग जिवापाड जपतात. (ते पूर्ण वाचणारा मी पहिलाच ग्राहक असावा. बाराव्या पानावर एक परिच्छेद दोनदा छापलाय आणि आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.) तर मी कलमांच्या क्रमांकांसह लिहिलं, की तुम्ही चुकीच्या व्यक्तीची माहिती बाळगून आहात, रतन नावाची कोणतीही बाई या घरात कधीही राहिलेली नाही.

बापूराव, हे मी लिहिलं. सहीनिशी.

उत्तर आलं सुदर्शन नावाच्या तक्रार अधिकाऱ्याचं, फार नम्र. खातं त्याच मोबाइलवर उघडं आहे, आपणच माहिती तपासून पाहावी. पाहिली. रतन दशरथ कुदळे. जन्मतारीख नऊ नोव्हेंबर. पत्ता आमचा, जिना चढल्यावर डावीकडचं दार इथपर्यंत. चपलेचा नंबर पाच. आवडता रंग मोरपंखी. मी खुर्चीत बसलो तो दुपारचा चहा टळून गेला तरी उठलो नाही. त्रेचाळीस वर्षं दर दिवाळीला मी तिला लाल साडी आणत होतो, आणि ती दर वेळी छान आहे म्हणत होती.

लग्नातलं तुम्हाला आठवत असेल. ताटातल्या तांदळावर मी अंगठीने 'विमल' लिहिलं, तेव्हा भर मांडवात तुम्ही विचारलंत, रतन नावात काय खोट होती? खोट काहीच नव्हती. माझ्या चुलत्यांचं नाव रतन, आणि सासऱ्याच्या जागी असलेल्या माणसाचं नाव सुनेला असणं आईला बरं दिसेना. चुलते पुढच्याच वर्षी गेले. तेव्हा तरी तिचं नाव तिला परत द्यायला हवं होतं. कार्यासाठी आणलेली परातसुद्धा आम्ही दुसऱ्या दिवशी नेऊन देतो. पण कोणाला सुचलं नाही, तुम्हीही आमच्या दारात विमल म्हणायला लागलात, आणि माझ्या डोक्यातून ते नाव साफ गेलं. तिच्या नाही गेलं. त्या वेबसाइटच्या फॉर्मात पहिलाच रकाना आहे, आम्ही आपल्याला कोणत्या नावाने हाक मारावी? हा प्रश्न ते धंद्यासाठी विचारतात, हे मला कळतं (पान पाच, कलम तीन). पण त्यांनी विचारला. मी नाही विचारला, याचं मला फार वाईट वाटतं.

तक्रार मी माफी मागून मागे घेतली. पण नऊ तारखेला वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, रतनताई, आजच्या दिवशी खास तुमच्यासाठी, वर मोरपंखी साडीचं चित्र. ते मला सोसेना. खातं बंद करायचं ठरवलं. एक बटण दाबायचं होतं फक्त. पण कचेरीची खोड. कारणाच्या रकान्यात मी खरं तेच लिहिलं, खातेदार मयत. झालं, खात्याला कुलूप. सुदर्शनचा फोन आला, "काका, हे कशाला सांगितलंत? आता डेथ सर्टिफिकेट लागणार." पाठवलं. त्यावर नाव विमल महिपती होले. दोन दिवसांनी कळवण्यात आलं, की विमल होले यांच्या निधनाचं आम्हाला दुःख आहे, परंतु रतन कुदळे यांच्या मृत्यूचा कोणताही पुरावा जोडलेला नाही, आणि त्यांचं खातं आम्ही त्रयस्थ व्यक्तीच्या सांगण्यावरून बंद करू शकत नाही. त्रयस्थ म्हणजे मी. नियमाप्रमाणे अगदी बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं, फक्त दुःख वगळून. (कुलूप असूनही साड्यांची चित्रं येतातच. तो विभाग वेगळा.)

यंदा भाऊबीजेला तुम्ही आला नाहीत, मीही बोलावलं नाही. ओवाळायचं कोणी, हा प्रश्न दोघांनाही पडला असावा. घरी सगळ्यांना नमस्कार सांगावा.

आपला,
महिपती होले

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तिचा शाळा सोडल्याचा दाखला तुमच्या पेटीत असेल, तो पाठवा. सोबत रतन आणि विमल एकच, असं भाऊ म्हणून तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. कागद तीस दिवसांत गेले नाहीत, तर अर्ज रद्द होऊन खातं पुन्हा चालू होतं. तेव्हा घाई करावी.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी सुदर्शनला फोन केला. सगळं पुसल्यावर मागे काही उरतं का, एवढंच विचारायचं होतं. तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, "काहीच नाही काका. जणू त्या कधी नव्हत्याच." तरी दाखला पाठवू नये. सापडला असेल तर सापडला नाही असं म्हणावं.

ता. क. ३. कागद नकोत, येत्या रविवारी तुम्हीच या. ती माहेरी आली की तुम्ही तिला गल्लीच्या तोंडापासून रतन म्हणून हाक मारायचात, असं ती सांगायची. मी कधी ऐकली नाही, मी तिला रिक्षात बसवून कचेरीत जायचो. तशी हाक एकदा आमच्या जिन्यातून मारा, शेजाऱ्यांचं मी बघतो. मी चार दिवस दार लावून प्रयत्न करतोय. पण तोंडात विमलच येतं, आणि ती तर गेली.