यजमान गाव

२७ नोव्हेंबर २०२५, सकाळ
अहमदाबादला २०३० चे राष्ट्रकुल खेळ मिळाले. बातमी दोनदा वाचली. आता सारं जग आपल्याकडं पाहणार. यजमान होणं म्हणजे देशानं नवे कपडे घालून दारात उभं राहणं.
ठरलं. गावात कबड्डीचे सामने भरवायचे. १९८२ नंतर बाहेरचा एकही संघ आपल्या गावात आलेला नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी मानोऱ्याकडच्या तांड्याचा फुलचंद राठोड शेवटच्या चढाईत मैदानावर कोसळला. सोबत्यांनी बैलगाडीत घालून नेला. पुढं तो गेल्याची खबर आली. तेव्हापासून दिवेलागणीला मैदानावर एका दमात 'कबड्डी, कबड्डी' ऐकू येतं. दम सुटत नाही.
माझा भुतांवर विश्वास नाही. संध्याकाळी मी मैदान सोडून सडकेनं फिरतो ते व्यायाम जास्त होतो म्हणून.
गावाचं नाव धुऊन काढल्याशिवाय मरायचं नाही.

२९ नोव्हेंबर
बायकोला योजना सांगितली. मनकर्णाचा पहिला प्रश्न: "पाव्हण्याइच्या जेवनाचं काय?"
म्हटलं, आधी प्रतिमा, मग पंगत.
"प्रतिमा कालवून खाता येते काय?"
तिला जागतिक दृष्टी नाही.

७ डिसेंबर
नात वैभवी अमरावतीला राज्यशास्त्र शिकते. फोनवर तिला विचारलं, की यजमानपदानं देशाचं नाव होतं ना? म्हणाली, "आजोबा, होते बी अन् जाते बी. पाहुणे येनार म्हनून झोपड्यांपुढं पडदे लावतेत, अन् कॅमेरेवाले पडद्यामागंच जातेत. लोकं स्टेडियम इसरतेत. आपल्यासंगं कसं वागले, ते नाई इसरत."
हुशार मुलगी. पण पडद्याची कल्पना उत्तम. मैदानाच्या कडेचे उकिरडे झाकायला हिरवी जाळी सांगितली.

१४ डिसेंबर
स्वागतगीत सुरू. भुजंगप्रयातात. 'तुम्ही पाहुणे हो, तुम्ही देव आम्हा.' चौथीत गुरुजी खिडकीशी उभे राहून चालीवर कविता म्हणून घेत. बाहेर निंबाच्या लिंबोळ्या पडत, आत आमची ओळ पुढं सरके. पाटी पुसली, ओळी राहिल्या. असं शिक्षण आता नाही.
८२ साली भोंग्यावर मीच होतो. माझं गीत इतकं रंगलं, की सामने उशिरा सुरू झाले. काय ते यजमानपण! त्या काळी पाहुणे खेळाडू दोघं-दोघं करून घरोघरी जेवायला वाटून देत. कुणाकडं कोण, हे पाहावंही लागत नसे. आपोआप व्हायचं.

२० डिसेंबर
४ जानेवारीच्या सामन्यांसाठी अनसिंग, मंगरूळपीर, सगळीकडं फोन केले. सगळे संघ "पाहतो" म्हणाले. म्हणजे येणारच.
फुलचंदच्या तांड्यावरून उदयसिंग नावाच्या कॅप्टननं मात्र लगेच होकार दिला. "आमचा बुढा म्हनते, जाच."
फोन ठेवल्यावर अंगावर काटा आला. थंडी फार आहे यंदा.

२५ डिसेंबर, संध्याकाळ
कमानीची जागा पाहायला मैदानावर जावं लागलं. एकटाच होतो. बाभळीकडून आवाज आला. तोच. कबड्डी, कबड्डी. हळू, थकलेला, पण एका दमातला. मी कमानीची जागा लांबूनच पाहिली. लांबून प्रमाण चांगलं कळतं.

२९ डिसेंबर
कमान आली. 'यजमान गावात हार्दिक स्वागत.' वर दिवे. सडकेवरून दिसते.
मनकर्णा पुन्हा: "घरोघरी सांगितलं काय, कोनाकडं कोन जेवनार?"
म्हटलं, मोठ्या मनाचं गाव आहे, कुणी ना कुणी करेलच.
"तुमी करान का कोनी ना कोनी?"
मी वही उघडली. गीताचं सातवं कडवं अडलं होतं.

३ जानेवारी २०२६
घरोघरी जायचं आज नक्की होतं. पण माईक तपासण्यात दिवस गेला. उद्या सकाळी सांगू.

४ जानेवारी, दुपार उलटून
एकच संघ आला. तांड्याचा. बाकीच्यांनी "पाहिलं" असावं.
मी गीत म्हटलं. अकरा कडवी. पाहुणे उन्हात उभे राहून ऐकत होते. सामना झाला, आमची पोरं हरली. मग सगळे आपापल्या घरी गेले. प्रत्येकाला वाटलं, पाहुण्यांची सोय दुसऱ्याकडं आहे. मलाही तसंच वाटलं होतं.
तांड्याची पोरं कमानीखाली गोल करून बसली. त्यांच्या टेम्पोतून एक म्हातारा काठी टेकत उतरला. काखेत फडक्याचं मोठं गाठोडं. गाठ सोडली. भाकरी, ठेचा, कांदे.
उदयसिंग म्हणाला, "हा आमचा बुढा. फुलचंद."
मी खाली बसलो.
"तुमी... तुमी तर गेले व्हते."
"गेलो व्हतो ना. ऊसतोडीले," म्हातारा म्हणाला. "दरसाल जात व्हतो. कोनी मारलं मले?"
विचारलं, मग मैदानावर पडलात ते?
"चक्कर आली. सकाळपासून पोटात काई नोतं. तुमी भोंग्यावर कविता म्हनून राह्यले व्हते. लय मोठी. आमाले वाटे, आता संपन, मंग जेवाले बोलावन. संपली, तर डायरेक्ट शिटी."
मी म्हटलं, पण तुमच्या भुतामुळं इतकी वर्षं इथं कुणी येत नाही.
पोरं तोंड दाबून हसली. फुलचंद नाही हसला.
"भुताले कोन भेते, दौलतराव? आपली भाकर संगं नेवा लागते, असं गाव हाय हे. साऱ्या इलाख्यात मालूम हाय. मीच सांगतलं."
मग त्यानं अर्धी भाकर मोडली, वर ठेचा ठेवला, माझ्यापुढं धरली.
"घ्या पाव्हणे. लाजू नका."
घेतली. भूक लागली होती.

५ जानेवारी, संध्याकाळ
दिवेलागणीला ओट्यावर बसून कान लावला. मैदान गप्प. भूत येऊन जेवून गेलं, आता कशाला थांबेल? कमानीचे दिवे तेवढे चालू आहेत.
मैदानावर जायला आता कसलीच भीती नाही.
तरी सडकेनंच फिरून आलो. व्यायाम जास्त होतो.