काबरीचा घास

३ मार्च
आलो एकदाचे बडोद्याला! फतेगंजातलं हे भाड्याचं टेनामेंट, म्हणजे अंगणाचं बैठं घर, मला फार आवडलं. अनीशला बाजव्याच्या कारखान्यात नोकरी, चार वर्षांच्या ओवीला अंगण, आणि मला घरमालकांनी मागे ठेवलेल्या अडेनियमच्या कुंड्या. वाळवंटातलं झाड म्हणे. बुंधा सुरणासारखा गलेलठ्ठ, फुलं मात्र गुलाबी, नवरीसारखी नटलेली! शेजारच्या गंगाबाईंनी चहा पाजून इथली रीत सांगितली. भाजीची सालं कचऱ्यात जात नाहीत, फाटकापाशी त्यांनी ठेवलेल्या टोपल्यात जातात. गुरं राखणाऱ्या लखाभाई भरवाडांची काबरी गाय सकाळी येऊन खाते.

९ मार्च
कुंड्यांची छाटणी केली. फांद्यांतून पांढरा चीक गळत होता. ओवीला जवळ फिरकू दिलं नाही. हात साबणाने चोळचोळून धुतले.

११ मार्च
छाटलेल्या फांद्या सुकल्या होत्या. दुधीच्या सालींबरोबर टोपल्यात टाकल्या. गंगाबाई कौतुकाने म्हणाल्या, आता तू पक्की बडोदेकर, काही वांधो नाही.

१२ मार्च
काबरी मेली. लखाभाई तिचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यातच बसले होते. गुरांचे डॉक्टर म्हणाले, काहीतरी विषारी खाल्लंय. टोपलं गंगाबाईंचं, म्हणून सगळे त्यांच्यावर तुटून पडले. त्या रिकामं टोपलं उलटंसुलटं करून बघत होत्या. मी मूग गिळून गप्प बसले. पण हात धुतले होते मी. म्हणजे मला ठाऊक होतं.

१५ मार्च
गंगाबाईंनी अन्न सोडलंय. उद्या सांगेन. नक्की सांगेन.
सकाळी फाटक वाजलं. काबरी शिंगाने वाजवायची तसंच. बाहेर कोणी नव्हतं. टोपलं ओलं होतं, चाटल्यासारखं.

१७ मार्च
नाही सांगितलं. अनीशला खरं ठाऊक नाही; तो म्हणतो, गंगाबाईंच्या भानगडीत पडू नकोस, नव्या गावात शोभा नको. सगळ्या कुंड्या लांब फेकून आले. तरी आज टोपलं भरलेलं— त्याच सुकलेल्या फांद्या—
ओवी म्हणते, गाय रोज येते. एकटी खात नाही. मला म्हणते, आधी तू खा.

१८ मार्च
दवाखान्यात. ओवीची नाडी सापडत नाही. डॉक्टर विचारताहेत, हिने काय खाल्लं. अनीश म्हणतोय, गंगाबाईंनीच काहीतरी दिलं असेल. नाही, नाही! मी सांगायला तोंड उघडते, आणि शब्दच फुटत नाही— नुसती हंबरते आहे— सगळे बघताहेत—
अनीश, हे डॉक्टरांना दाखव. चूक माझी. काबरीलाही मीच. ओवीने खाल्लं ते अडे—