एक वजा

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात हे वाचून बरं वाटलं. आज सुट्टी होती. सकाळी चादरी धुतल्या, मोरीतल्या नळाचा वॉशर बदलला, दुपारी थोडा झोपलो. चष्म्याच्या दुकानात सध्या गर्दी आहे. परीक्षा जवळ आल्या की सगळ्यांनाच अंधुक दिसायला लागतं.

आता बातमी. हसणार असशील तर आत्ताच हसून घे. मी बाहुली घेतली आहे.

साधी नव्हे. सांध्यासांध्यात गोळे असलेली, आतून इलॅस्टिकने ओवलेली. हात ठेवू तिथे राहतो, मान वळवू तशी वळते. नवी घ्यायची तर स्कूटर विकावी लागली असती, म्हणून वापरलेली घेतली. डोक्यावर एक केस नाही, घोटा चिकटवलेला, म्हणूनच परवडली. आमच्या दुकानाच्या वर दंतवैद्य आहेत, त्यांची रिसेप्शनिस्ट अशा बाहुल्या जमवते. तिला दोन विकायच्या होत्या, एक मोठी, एक धाकटी.

"नातीसाठी का, काका?"

"नाही."

"मग कोणासाठी?"

"कपडे तयार आहेत," मी म्हटलं. "घालणारी हवी."

ती बघतच राहिली. "लोक बाहुली घेतात नि मग कपड्यांपायी कंगाल होतात. तुमचं उलटंच!"

कपडे कुठले ते तू ओळखलं असशील. हिच्या शिवणक्लासचे छोटे नमुने, पत्र्याच्या पेटीतले. हिच्या विद्यार्थिनीने आता क्लास चालवायला घेतलाय, तिला ती पेटी देऊन टाकू या का, असं तू गेल्या दोन्ही पत्रांत विचारलंस. मी दोन्ही वेळा तुला हवापाणी कळवलं.

द्यायला तशी हरकत नव्हती. फक्त एकदा ते कपडे कोणाच्या तरी अंगावर बघायचे होते. इतकी वर्षं घडीतच पाहिले.

म्हणून कपड्यांची मापं काढली, आणि तिथेच घोळ झाला. हिच्या टेपचं टोक झिजलं म्हणून पहिला इंच कापून टाकलेला, आठवतं ना? नवी टेप घेईना. माप घेताना क्लासभर ओरडायची, "एक वजा गं पोरींनो, एक वजा!" माझ्याही ते अंगवळणी पडलं. ती टेप हिच्याबरोबर चितेवर गेली. तूच हिच्या हातात ठेवलीस. त्या दिवशी सांगायचं राहिलं. बरं केलंस.

तर मी नवी टेप आणली, टोकापासून नीट मोजलं, आणि सवयीने प्रत्येक मापातून एक वजा केला!

"मग तुमच्या मापात धाकटीच बसेल," रिसेप्शनिस्ट म्हणाली. काल धाकटी बाहुली घरी आली. पेटीतला हिने शिवलेला कॉलरवाला निळा कोट तिला चढवला, तर बाई कोटात हरवल्या. बाह्या बोटांच्या खाली, गळ्यातून खांदा बाहेर. मला इतकं हसू आलं की शेजारच्या आजींनी दार वाजवलं.

"काय झालं रे?"

"काही नाही आजी, माप चुकलं."

"मग हसतोस काय?"

दार लावून घेतल्यावर जरा रडलोही. तेही एकदाचं झालं.

रिसेप्शनिस्ट मोठी बदलून द्यायला तयार आहे, वरचे पैसे सावकाश द्या म्हणते. नको म्हटलं. धाकटी एव्हाना शिलाई मशीनवर पाय सोडून बसली आहे, तिला कुठे उठवू?

कोट आत घेता येईल, पण हिची शिवण मी उसवणार नाही. त्यापेक्षा माझा जुना बनियन कापून तिला आतून घालायला काहीतरी जाडसर शिवतो. विद्यार्थिनीला निरोप दिलाय की पेटी इथेच राहील. बाही कशी पडते ते मुलींना दाखवायचं असेल तर त्यांना घेऊन ये. आमची बाई हात वर करून दाखवेल.

तूही ये. जिना चढता येतोय म्हणतेस ना.

बनियन टेबलावर पसरलाय. आता कापायला घेतो. या वेळी वजा काही करायचं नाही, एवढं लक्षात ठेवलंय.

तुझा
धाकटा

ता. क. चष्मा पुसला, तेव्हा कुठे सुईत दोरा गेला.