मी वाचलेला कागद

आबा, आपल्या माळावर पत्रे ठोकलेत. आत मशीन लागलीय आणि बाहेर मोठं चित्र लावलंय, त्यात पोहायचा तलाव आहे आणि कुत्रं घेऊन फिरणारी एक गोरीपान बाई आहे. आंबिवलीत. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी बोलायला बसले नाही, कारण बसले असते तर भांडण झालं असतं. आता भांडायलाही तोंड राहिलं नाही, म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नका. चौथीनंतर शाळेतनं तुम्हीच काढलंत.

आता सगळे तुम्हाला जमीनदार म्हणतात. देवळातल्या घंटेवर तुमचं नाव आहे. भाऊ लोकांना सांगतो, आम्ही पहिल्यापासून जमीनवाले. त्याला काय माहीत, तो तेव्हा पाळण्यात होता. मला आपलं कातड्यांचं गोदाम आठवतं. तुम्ही देशावरनं आलात तेव्हा तुमच्याकडे मिठाचं एक पोतं आणि तंबाखूचा डबा होता, असं आई सांगायची. कसाऱ्याच्या बाजूच्या वाड्यावाड्यांतनं पायी फिरायचं, कातकऱ्यांना मीठ, तंबाखू, गूळ द्यायचा आणि कातडी घ्यायची. मुंगूस, ससा, रानमांजर, घोरपड, कधी नशीब असलं तर खाडीतलं पाणमांजर. पुढच्या दाराला बकऱ्याची कातडी टांगलेली, कुणी विचारलं तर दाखवायला. शिकारीवर बंदी कधीच आली होती, पण आपल्या मागच्या दाराला ती कुणी सांगितली नव्हती. मी आतल्या अंगाला मीठ चोळायची, बांबूच्या कामट्यांवर ताणून सावलीत ठेवायची. उन्हात ठेवलं की आकसतं म्हणून एकदा तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातला होतात. चुलीपाशी आई बोंबलायची, "माझ्या भाकरीला कातड्याचा वास येतो हो!" आणि तुम्ही म्हणायचा, "त्या वासाचीच भाकरी आहे, खा." शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही.

माल तपासायची तुमची पद्धत अजून डोळ्यांसमोर आहे. कातडं हातावर घेऊन तुम्ही केसांवर फुंकर मारायचा. केस बाजूला व्हायचे, खालची मऊ लव दिसायची, मुळापर्यंत. त्या एका फुंकरीत तुम्हाला सगळं कळायचं, जनावर कधी मारलं, फासात किती वेळ होतं, खोट कुठे आहे. समोर कातकरी उकिडवा बसलेला असायचा आणि तुमच्या तोंडाकडे बघायचा. मला वाटायचं, माझे आबा फुंकर मारून माणसाच्या पण आतलं बघतात.

तो माळ एका कातकऱ्याच्या कुटुंबाचा होता. तुम्हाला सर्वात जास्त माल आणून देणारा तोच. त्याची पोर माझ्याच वयाची. तिच्यासोबत मी ओढ्यात खेकडे धरायची, आणि त्याने एकदा मला सशाचं जिवंत पिल्लू आणून दिलं होतं, "हे मिठाला नाय हां, बाय, हे पाळायला" म्हणून. तुम्ही त्याला म्हणालात, माल वाळवायला तुझ्या माळावर शेड घालतो, एका पावसाळ्यापुरती. कल्याणहून कागद लिहून आणलात. तो पोरीला शेजारी घेऊन अंगठा द्यायला बसला आणि मग त्याने मध्येच हात मागे घेतला. म्हणाला, "शेट, तू वाचशील तर तुझंच वाचशील. तुझ्या पोरीला वाचू दे. पोर खोटं बोलत नाय."

तुम्हाला हे आधीच माहीत होतं, आबा. सकाळीच मला मागच्या दारी नेऊन तुम्ही चार ओळी घोकून घेतल्या होत्यात. एका पावसाळ्यापुरती जागा, शेड काढली की जागा परत. मी कागद हातात धरून त्या चार ओळी म्हटल्या. तोंड त्या ओळी म्हणत होतं आणि डोळे खाली कागदावर फिरत होते. तिथे पावसाळा नव्हता. तिथे लिहिलं होतं, कायमची, वंशपरंपरेने, हक्क सोडून. शब्द मोठे होते, पण कायमची म्हणजे काय ते नऊ वर्षांच्या पोरीला कळतं. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी लहान होते, मला काही समजलं नाही. समजलं होतं. त्याने हसून अंगठा दिला. तुम्ही कागद उचलून शाईवर फुंकर मारलीत, मुंगसाच्या कातड्यावर मारायचा तशीच.

त्या आठवड्यात तुम्ही मला शाईचं पेन आणलंत, सोनेरी टोपणाचं. जूनमध्ये मी शाळेचं नाव काढलं तर म्हणालात, "वाचायला येतं ना? मग बास." पुढच्या वर्षी माळाला तारेचं कुंपण पडलं. तो कुंपणाबाहेर उभा आहे, मी आत मीठ चोळतेय. तो ओरडत नाही. फक्त विचारतो, "बाय, तू वाचलंस ना?" मी खाली मान घालून चोळत राहते. मग ते सगळे वीटभट्टीवर गेले आणि तुम्ही जमीनवाले झालात.

गेल्या महिन्यात त्याची पोर माझ्या घरी आली. कोपरीत, चाळीचे दोन जिने चढून. आता ती पण माझ्यासारखीच, केस पिकलेले, गुडघे गेलेले. हातात पिशवी, पिशवीत रानातली करटोली. मी म्हटलं, "पत्ता कुणी दिला तुला?" तर म्हणाली, "शोधला. तू पोळ्या लाटायला जातेस ना, तिथल्या वॉचमनने दाखवला." मग सरळच बोलली. माळ परत मिळावा म्हणून ठाण्याला तिने अर्ज केलाय, तिथले साहेब साक्षीला मला बोलावणार आहेत, कारण त्या दिवशी तिथे असलेल्यांतल्या जिवंत अशा आम्ही दोघीच उरलोय आणि तिला वाचता येत नव्हतं. "माझ्या बाजूनं बोलू नको गं. त्या दिवशी तोंडानं काय वाचलंस तेवढंच सांग." मी चहा ठेवला. चहा पिता पिता ती म्हणाली, "बा मरताना पण म्हणायचा, पोर खोटं बोलली नसेल, शेटनं मागनं कागद बदलला असेल."

आबा, त्याने शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. त्याला बातमी लगेच लागते, तुमच्यावरच गेलाय. "ताई, डोकं लावायचं नाही. सरळ सांगायचं, मला वाचता येत नाही. चौथी नापास बाईला कोण विचारतं?"

"चौथी पास आहे मी."

"तेच ते गं. माळावरच्या नव्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तुझ्या नावावर करतो. लिफ्ट आहे. किती दिवस हे जिने चढणार?"

मी त्याला हाकलून दिलं. खरंच हाकललं, लाटणं उगारून. आणि मग रोजच्यासारखी पाण्याची कळशी घेऊन दोन जिने चढले, मध्ये तीनदा बसले, आणि तिसऱ्यांदा बसले तेव्हा माझं ठरलं होतं.

चार दिवसांनी साक्षीला गेले, ठाण्याच्या त्या कचेरीत पंखा होता पण वारा नव्हता. ती बाकाच्या त्या टोकाला बसलेली, मी या टोकाला. साहेबांनी विचारलं, कागद तुम्ही वाचून दाखवला होता? मी म्हटलं, मला वाचता येत नाही. "तेव्हा येत होतं का?" म्हटलं, "कधीच नाही साहेब." तिने वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. खूण न पटलेल्या माणसाकडे बघतात तसं. कारकुनाने माझं बोलणं लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सवयीने पेनाला हात घातला. तो म्हणाला, "अहो मावशी, पेन कशाला? अंगठा द्या." शाईची डबी पुढे केली. याचा मी विचारच केला नव्हता. मी अंगठा दिला. शाई ओली होती, पसरेल म्हणून मी वाकून फुंकर मारली. मारून झाल्यावर कळलं कुणासारखी मारली ते.

मग तिच्या कागदाची पाळी आली. तिच्यापुढेही डबी सरकवली, तर तिने ती बाजूला केली. म्हणाली, "मी सही करते." वाडीवर प्रौढांचा वर्ग होता म्हणे, तिथे शिकली. वाकडी, मोठाली अक्षरं, एकेक काढत होती, कारकून घड्याळ बघत होता. पुरं नाव लिहिलं, मधलं बापाचं सुद्धा. ते मला माझ्या जागेवरनं वाचता आलं.

अर्ज फेटाळला गेला. भावाने पेढे आणले. तुम्हाला दोष द्यावा म्हणून हे लिहायला घेतलं होतं, पण जमत नाही. त्या वेळी माझ्याकडनं घोकून घ्यायला तुम्ही होतात. या वेळी मी भावाला हाकलून दिलं होतं आणि तरी तेच बोलले. आता आपल्या दोघांत काय फरक उरला ते तुम्हीच सांगा. सांगू नका.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, आणि घरात ठेवायचीही सोय नाही. ज्या बाईला लिहिता येत नाही तिच्या घरात तिच्या हातची चार पानं सापडली तर भाऊ काय म्हणेल? पिठाच्या डब्याच्या तळाशी घालेन. नवीन घरी जाताना डबा टाकून द्यावा लागेल.

आणि एक. तिने आणलेली करटोली मी तशीच ठेवली होती. वाटलं होतं, ओशाळून टाकून देईन. ठाण्याहून आले त्या दिवशी भूक लागली होती. चिरली, कांदा घालून परतली आणि गरम पोळीबरोबर सगळी खाल्ली. चांगली झाली होती, आबा.