न मोजलेली नाडी

सोमवार, ४ मार्च
आजपासून नवं फर्मान! पासष्टीच्या वरच्या प्रत्येकाची नाडी हाताने बघायची – पूर्ण एक मिनिट. ठोके नुसते मोजायचे नाहीत, मध्येच अडखळतायत का तेही बघायचं. डॉक्टर म्हणाले, "मशीन आकडा देतं, सिस्टर. अडखळणं बोटांनाच कळतं." बोटं कोणाची? माझी! आज एक्केचाळीस मनगटं. पाठीचा काटा ढिला झालाय.

शनिवार, ९ मार्च
दमले.

बुधवार, १३ मार्च
लोकरवाल्या आजी परत हजर. लोकरीचं दुकान कधीच बंद झालं, नाव तेवढं चिकटलंय. या आठवड्यात तिसऱ्यांदा! नाडी ठणठणीत आहे म्हणून दोनदा सांगून झालं. "असू दे गं, बघ तरी," म्हणत बाही वर करून हात पुढे. बाहेर रांग दारापर्यंत. असली चिडले! मग मनगट धरून नुसती बसले, डोळे मिटून. मोजलं काहीच नाही. लिहिलं – ७२, नियमित. दिवसभरात तेवढंच टेकायला मिळालं.

मंगळवार, २६ मार्च
आता तर सवयच. आजी आल्या की मी डोळे मिटते, त्याही गप्प. ७२, नियमित. लाज वाटते? वाटते. पण पाय असे भरून येतात की लाजबीज नंतर.

गुरुवार, ४ एप्रिल
काल आजींच्या नावापुढे नेहमीचं तेच लिहिलं. आज मी इंजेक्शनच्या खोलीत, नाडीच्या टेबलावर बदली सिस्टर. आजी आल्याच. तिने हात धरला आणि डॉक्टरांना हाक मारली. ठोके सैरावैरा! ईसीजीतही तेच.

डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. "कालपर्यंत नीट होतं! नशीब. हे अडखळणं नवीन आहे तोवर मोठ्या हॉस्पिटलात शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणतील."

मी विचारलं, जुनं असतं तर?

"मग लगेच शॉक नाही. हृदयात रक्ताची गुठळी झालेली असली तर शॉकने सुटून थेट मेंदूत जायची."

नोकरी गेली तर घरी काय सांगू? आजींना गाडीत बसवलं तेव्हा कुठे बोलले – "सर, मी मोजलंच नव्हतं. काल नाही, तीन आठवडे नाही."

डॉक्टर धावत फोनकडे गेले.

शनिवार, ६ एप्रिल
गुठळी होती. शॉक रद्द, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू. मला मेमो मिळाला. मिळायलाच हवा.

आजींना भेटले. माफी मागताना रडूच आलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला माहीत होतं. मोजताना तुझे ओठ हलायचे. नंतर हलेनासे झाले."

मग बोलला का नाहीत?

"मोजायचीस तेव्हा मिनिट झालं की हात सोडायचीस. नंतर सोडेनाशी झालीस."